न घेतलेल्या गोळीचे दुष्परिणाम

मी त्या शिबिराला चपला सांभाळायला गेलो होतो. हे ज्याला ज्याला सांगितलं त्यानं "हो का?" म्हणून माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं, म्हणून आता सविस्तरच सांगतो.

आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात एका भावी पुढाऱ्याचा वाढदिवस होता. पूर्वी वाढदिवसाला पेढे वाटायचे, हल्ली लोकांची हाडं तपासतात. मारुतीच्या सभामंडपात फलक लावला होता, 'महिलांसाठी मोफत हाडांची तपासणी'. महिलांसाठी! माझ्या बायकोचा, भारतीचा, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, म्हणून मी तिला घेऊन गेलो आणि तिच्या चपला, तिची पिशवी आणि तिचा चष्मा धरून रांगेच्या कडेला उभा राहिलो. तिनं यंत्रात पाय घातला, यंत्र जरा वेळ गुरगुरलं आणि हिरवी चिठ्ठी बाहेर आली. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "आजी, तुमची हाडं तिशीतल्या बाईसारखी आहेत." भारती आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली. लहानपणी डोंगर चढून भाताचे भारे वाहिलेली. पण त्या एका वाक्यावर ती अशी काही खुलली, की लग्नातसुद्धा एवढी खुलली नव्हती. मग ती मुलगी मला म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण ठेवा की पाय. मशीन रिकामंच आहे."

आता यंत्र रिकामं आहे, हे काय पाय ठेवायचं कारण झालं? पण मी ठेवला. लाल चिठ्ठी आली.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात घालवलेला माणूस. उसाची बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक, सगळं माझ्या काट्यावरून गेलं. यंत्रावर शिक्का बघितल्याशिवाय मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून मी सरळ विचारलं, "बाई, या मशीनचं पासिंग कधी झालं? वजनमापे खात्याचा शिक्का कुठं आहे?" ती म्हणाली, "आजोबा, मागच्यांना येऊ द्या." मागच्या बाईनं तर मला कोपरानंच बाजूला सारलं. त्या कोपराला तपासणीची काही गरज नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगतो.

पण भारतीनं त्या लाल चिठ्ठीचा असा धोशा लावला, की शेवटी नगरला जावं लागलं. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीचा कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. तिथल्या डॉक्टर धनश्रीबाई वयानं लहान, पण बोलायला मोकळ्या. मोठ्या यंत्राखाली झोपवून झाल्यावर त्यांनी मला भिंतीला उभं करून माझी उंची मोजली.

"काका, तुमची उंची आधी किती होती?"

"पाच फूट सात. नोकरीच्या कागदावर आहे."

"आता पाच फूट साडेपाच इंच भरताय. पाठीचे दोन मणके चेपलेत. दुखलं नाही कधी?"

दुखलं होतं. पण मला वाटलं, पतसंस्थेच्या सभेला पत्र्याच्या खुर्चीवर बसल्यामुळं दुखतंय. ते जाऊ द्या. ज्या माणसानं जन्मभर कुणाचं किलोभर कमी धरलं नाही, तो स्वतःच दीड इंच कमी भरावा, हा अपमान मी कुठं सांगायचा?

मग धनश्रीबाईंनी औषध सांगितलं. आठवड्यातून एकदा एक गोळी. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास ताठ बसायचं नाहीतर उभं राहायचं. आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही.

"चहा?"

"चहासुद्धा नाही."

मी दुष्परिणाम विचारले. बाईंनी काही लपवलं नाही. छातीत जळजळ होऊ शकते, ताठ बसायचं ते त्यासाठीच. फार क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो, म्हणून आधी दात दाखवून या. फार क्वचित, बरीच वर्षं घेतली तर, मांडीच्या हाडाला. त्यामुळं काही वर्षांनी थांबवून बघायचं. "पण काका, गोळी न घेण्याचेही परिणाम आहेत. उद्या घसरलात आणि खुबा मोडला तर..." एवढं बोलून त्यांनी भारतीकडे पाहिलं आणि त्या थांबल्या. भारतीनं पिशवी छातीशी घट्ट धरली होती. माझ्या आईचा खुबा न्हाणीघरात मोडला, त्यानंतर आई मागच्या खोलीतल्या पलंगावरून कधी उठली नाही. तिची कूस बदलण्यापासून भांडं देण्यापर्यंत सगळं भारतीनं केलं. हे त्या डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार?

मला ठाऊक होतं. तरीही मी काय म्हणालो? "विचार करून सांगतो." गोळ्यांचं खोकं घेतलं, घरी आणून फ्रिजवर ठेवलं आणि विचाराला बसलो. आणि इथंच चुकलो, कारण बेलापुरात एकट्यानं विचार करायची सोय नाही.

पहिला आला रंभाजी. हा माझा शेजारी. याचा ऊस वर्षानुवर्षं माझ्या काट्यावरून गेला आणि मी काटा मारतो, हा त्याचा संशय अजून गेलेला नाही.

"नगरला गेल्ता म्हनं?" ओट्यावर टेकत तो म्हणाला. "काय निघालं?"

"हाडं ठिसूळ झालीत थोडी."

"हाडं? आरं, त्यो तर बायकांचा रोग हाय!"

"पुरुषांनाही होतो."

"आमच्यात न्हाई झाला कुनाला." मग जरा विचार करून तो म्हणाला, "जन्मभर आमच्या उसाचं वजन खाल्लंस. आता देवानं तुझ्या हाडाचं खाल्लं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याला हाकलणारच होतो, पण तेवढ्यात त्यानं त्याच्या मेहुणीची गोष्ट काढली. तिनं म्हणे अशीच गोळी घेतली आणि तिचा अख्खा जबडा गेला. मी घाबरलो. तीन वेळा खोदून विचारल्यावर कळलं, की जबडा म्हणजे कवळी, आणि ती विहिरीवर पाणी शेंदताना आत पडली. "पर गोळी चालू हुती तवाच पडली," रंभाजी म्हणाला.

दुपारी रंगुबाई आल्या. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींना आणि पोरांना तेल लावून न्हाऊ घालण्याचं काम याच बाईंचं. पदराखालून त्यांनी स्टीलचा डबा काढला.

"भाऊ, हाडं गेली म्हनं तुमची. काय काळजी करू नगा. बाळंतपनात बाईचं हाड न् हाड खिळखिळं व्हतं, त्ये आमी भरून आनतोच की. लेकीला दिलं, त्येच तुमाला देते."

डब्यात डिंकाचे लाडू होते. लाडू उत्तम होते, ते मी नाकारत नाही. पण बातमी फुटली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका डबे घेऊन यायला लागल्या. अळिवाची खीर आली, मेथीचे लाडू आले, शेपूची भाजी आली, खारीक-खोबरं आलं. आल्या की त्या माझ्यासमोर सतरंजीवर बसायच्या आणि माझ्याकडे बघत आपसात बोलायच्या. "आज जरा तेज आलंय तोंडावर." "पहिले आठ दिवस जडच जात्यात." एकीनं तर जाताना माझ्या हातात नारळ ठेवला आणि सवयीनं पाळण्याच्या आशेनं खोलीभर नजर फिरवली.

तिसऱ्या दिवशी रंगुबाई ओव्याची शेगडी घेऊन हजर. "शेक घ्या. आन् कान बांधा, वारं शिरंल." मी ठाम नकार दिला. भारती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, म्हाताऱ्या बाईनं एवढ्या मायेनं आणलंय, बसा की जरा." म्हणून मी बाजेवर बसलो. अंगावर घोंगडी, कानाला भारतीची शाल, बाजेखाली ओव्याचा धूर. आणि नेमका त्याच वेळी माझ्याबरोबर काट्यावर काम केलेला एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दारात आला. त्यानं पाहिलं, पत्रिका उंबऱ्यावर ठेवली आणि तसाच मागं फिरला. कारखान्यात माझी काय अब्रू होती, आणि आता तिथं काय सांगितलं गेलं असेल, याचा विचार केला की अजून माझं डोकं फिरतं.

आता म्हटलं, शिकलेल्या माणसाचा सल्ला घ्यावा. माझा पुतण्या प्रवीण याचं औषधांचं दुकान आहे. म्हणजे कीटकनाशकांचं, पण आमच्या घराण्यात औषध म्हटलं की प्रवीणलाच विचारतात. त्यानं खोक्यातला घडीचा कागद उलगडला आणि ओट्यावर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात भाषांतर सुरू केलं.

"'ही गोळी पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी...'"

"हळू वाच!"

"पुढं पुरुषांचंही दिलंय, काका. दुष्परिणाम बघा. डोकेदुखी. मळमळ. पोटदुखी. जुलाब. बद्धकोष्ठ."

"जुलाब आणि बद्धकोष्ठ, दोन्ही?"

"दोन्ही."

"एकाच वेळी?"

"तसा खुलासा नाही दिलेला." त्यानं कागदाची घडी केली, त्याच्या मूळच्या घड्या काही जमल्या नाहीत. "काका, आमच्या फवारणीच्या औषधावरसुद्धा एवढं लिहिलेलं नसतं. बघा बुवा."

बघा बुवा! हा सल्ला! एवढ्यासाठी मी त्याला चहा आणि दोन डिंकाचे लाडू दिले.

ते राहू द्या. डॉक्टरांनी दात दाखवायला सांगितले होते, निदान तेवढं तरी उरकावं म्हणून श्रीरामपूरला दातांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एक दाढ काढायला सांगितली. "पण हाडांची गोळी सुरू नाही ना? तसं तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा." मी नगरला फोन लावला. धनश्रीबाई ऑपरेशनमध्ये होत्या. त्यांचा कंपाउंडर म्हणाला, "सुरू न केलेल्या गोळीचं आम्ही काय लिहून देणार? आधी दातवाल्यांकडून दात ठीक असल्याचं आणा, मग गोळीचं बघू." दातवाले म्हणाले, दाढ काढल्याशिवाय दात ठीक कसे म्हणू? मी दोन दवाखान्यांच्या मधे टोलवला जात होतो आणि दाढ माझ्या तोंडात ठणकत होती. शेवटी मी दातवाल्यांच्या टेबलावर हात आपटून म्हणालो, "गोळी मी गिळायची आहे, दाढ माझी आहे, आणि मी सांगतोय की मी गोळी घेतलेली नाही!" माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण बाकावरचे दोघं उठून घरी गेले. दाढ मात्र निघाली.

आता जखम भरेपर्यंत थांबणं आलं. गाल सुजून बटाट्याएवढा झाला होता. त्याला रुमाल बांधून मी एसटीतून उतरलो आणि रंभाजीच्या नजरेला पडलो.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गोळीनं रंगनाथचा, म्हणजे माझा, जबडा गेला.

मी तोंडात बोळा असल्यामुळं बोलू शकत नव्हतो. हातवारे करून सांगत होतो, की गोळी अजून फ्रिजवर आहे, खोकं फोडलेलंसुद्धा नाही. लोक म्हणायचे, "वाचा पन गेली बघा." पुन्हा डबे सुरू झाले. या वेळी पातळ पदार्थ आले. आणि खरं सांगतो, राग येतच होता, पण रात्रंदिवस जबडा जबडा ऐकून मीसुद्धा आरशासमोर उभा राहून हनुवटी चाचपायला लागलो. जखम भरून बरेच दिवस झाले, तरी मी ते खोकं फोडलं नाही. भारती रोज फ्रिज पुसायची, खोकं उचलायची, खाली पुसायची आणि परत तिथंच ठेवायची. बोलायची मात्र नाही.

मग गव्हाचा टेम्पो आला.

वर्षाचे गहू आम्ही एकदमच भरतो. टेम्पोवाल्याचा हमाल आला नव्हता. कट्टे, म्हणजे गव्हाची भरलेली पोती, दारात उतरले, ते आत न्यायचे होते. भारती पदर खोचून पुढं झाली. मी म्हणालो, "थांब, मी घेतो." तेवढ्यात ओट्यावरून रंभाजी ओरडला, "रंगुबाई, रंगनाथाला आत घ्या! बाळंतिनीनं जड उचलायचं नसतंय!"

सगळी गल्ली हसली. टेम्पोवाला, ज्याची माझी ओळखपाळखही नाही, तोसुद्धा पोट धरून हसला. माझा संयम संपला. मी कट्ट्याचे दोन्ही कान धरले. भारती "अहो, नको!" म्हणेपर्यंत उचललाही. चांगला कमरेइतका उचलला.

पाठीत कट्‌ असा आवाज झाला.

मी कट्टा खाली ठेवला आणि त्याच्यावर बसलो. लोकांना वाटलं, दम खातोय. मीही तसंच भासवलं. टेम्पोवाला निघून गेला, लोक पांगले, रंभाजी जेवायला गेला, तरी मी आपला गव्हावर. शेवटी भारती जवळ येऊन हळूच म्हणाली, "उठता येत नाही ना?" मी मान हलवली. मान तेवढी हलत होती.

तिसरा मणका गेला होता. श्रीरामपुरात फोटो काढला, कमरेला पट्टा आला आणि मी मागच्या खोलीतल्या पलंगावर गेलो. त्याच पलंगावर, कारण दुसरा कडक पलंग घरात नाही. भारतीनं चादर बदलली. मला कुशीवर वळवताना तिचा हात एका ठराविक पद्धतीनं खांद्याखाली जायचा. ती पद्धत मी या खोलीच्या दारात उभं राहून वर्षानुवर्षं पाहिली होती.

बाहेर ओट्यावर निकाल लागला होता. "गोळीनंच घात केला." मी आतून ओरडलो, "मी गोळी घेतलीच नाही!"

रंभाजीचा आवाज आला, "आता डोकं बी चालंना. घेतल्याचं ध्यानातच न्हाई त्याच्या."

असा संताप झाला म्हणून सांगू! आणि उठून जाऊन भांडावं, तर उठता येत नव्हतं.

भारतीनं नगरला फोन लावला. धनश्रीबाई म्हणाल्या, "आता तरी सुरू करा. काकांना अर्धा तास ताठ बसता येतं का?" येत नव्हतं. दोन मिनिटांत पाठीतून कळ निघायची आणि मी आडवा व्हायचो. बाई म्हणाल्या, सलाईनमधून देता येतं, पण त्यासाठी नगरला आणावं लागेल, तपासण्या कराव्या लागतील. "किंवा मग मागून पक्का आधार देऊन बसवून बघा. कळ आली तर लगेच निजवा, पण गोळी बसता येतंय याची खात्री झाल्यावरच द्या." म्हणजे बघा, ताठ बसायची ताकद होती तेव्हा मी विचार करत होतो, आणि विचार संपला तेव्हा बसता येईना. यात माझ्यावर अन्याय झाला आहे, एवढं नक्की. फक्त तो कुणी केला, ते सापडत नव्हतं.

भारतीनं दोन दिवस मला बसवून पाहिलं. भिंतीला टेकवलं, तर भिंत मणक्याला टोचायची. उशा लावल्या, तर उशा सरकायच्या. प्लास्टिकच्या खुर्चीत मी हळूहळू खाली घसरत जायचो. मग ती स्वतःच पलंगावर चढली, माझ्याकडे पाठ करून मांडी घालून बसली आणि तिनं आपली पाठ माझ्या पाठीला लावली.

"टेका," ती म्हणाली.

मी टेकलो. बराच वेळ कळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेलाभर पाणी आणलं, गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि मी गिळल्याबरोबर पुन्हा तशीच बसली. तिनंही चहा घेतला नव्हता. तिच्यासमोर खिडकी होती, माझ्यासमोर घड्याळ.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "भारती, तुला काय वाटत होतं? घ्यावी का नको?"

"अहो, रंभाजीला विचारलंत. रंगुबाईला विचारलंत. त्या प्रवीणला विचारलंत, दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलंत. मला आज विचारताय. गोळी पोटात गेल्यावर."

"तू बोलली नाहीस."

"काय बोलू? घ्या म्हटलं असतं आणि काही झालं असतं, तर जन्मभर माझ्या नावानं बोंब मारली असतीत."

हा सरळसरळ खोटा आरोप होता आणि तो खोडून काढायला मी वळणार होतो. "हलू नका!" ती ओरडली. मी हललो नाही.

"त्या डॉक्टरीणबाईंनी खुबा म्हटलं, तेव्हाच मला हा पलंग दिसला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "आईंचं मी केलं, त्याचं मला काही नाही. पण तेव्हा तुम्ही होता. पाणी तापवून द्यायचात. मी मागच्या दारी जाऊन रडले, की न बोलता चहा आणून द्यायचात. आता तुम्हीच इथं पडलात, तर मला कोण आहे? मला गोळीची भीती नव्हती हो. मला याची भीती होती."

तिची पाठ हलायला लागली. ती रडत होती आणि मला वळून बघता येत नव्हतं. कुणावर तरी ओरडावं असं फार वाटलं. रंभाजी आठवला, कंपाउंडर आठवला, टेम्पोवालासुद्धा आठवला, पण कुणावर राग धरवेना. मी हात मागं नेऊन चाचपला, तिचा पदर हाती लागला, तोच धरून बसलो.

"अर्धा तास झाला," मी म्हणालो.

"झाला?"

"झाला. टाक आता चहा."

ती उठली नाही. नाक ओढून म्हणाली, "अहो, मी उठले तर तुम्ही पडाल."

"मग नको उठूस," मी म्हणालो.